नांगराच्या कारखान्याने मासिक का काढले? (थ्रेड)

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ‘किर्लोस्कर’ मासिकाला मानाचे पान आहे. बुद्धिवाद, स्त्रियांचे प्रश्न, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध, या संदर्भांत त्याचे नाव आदराने घेतले जाते. हे मासिक मुळात लोखंडी नांगर विकणाऱ्या कारखान्याची गृहपत्रिका होते, ही गोष्ट मात्र तळटिपेत उरकली जाते. ती तळटीप मुख्य मजकुरात आणणे आवश्यक आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. कारणही ठरलेलेच दिले जाते: लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असे आणि तो पिढ्यान् पिढ्या त्याच जमिनीत फिरत होता. समजूत असेलही, पण तिच्यामागचा व्यवहार पाहिला पाहिजे. लाकडी नांगर गावचा सुतार घडवी, मोडला तर तोच दुरुस्त करी, आणि त्याचा मोबदला सुगीनंतर बलुत्यात, म्हणजे धान्यात, दिला जाई. लोखंडी नांगराला रोख पैसा लागे. तो ओढायला बैलही दमदार हवेत. ऐन नांगरटीत एखादा भाग तुटला, तर तो कुठून आणायचा? नांगर बनवणारा तर दूर, अनोळखी. त्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी बसून हिशेब मांडला, तर तो सावध होता असे म्हणावे लागेल.

अशा गिऱ्हाइकापुढे एकदोन जाहिराती निष्प्रभ ठरतात. नांगर दरवर्षी घेतला जात नाही. तो घ्यायचा दिवस एखाद्या चांगल्या सुगीनंतर येतो, आणि तो कधी येईल हे कारखानदाराला ठाऊक नसते. त्या दिवशी आपले नाव गिऱ्हाइकाच्या ओळखीचे असावे, यासाठी आधीची कित्येक वर्षे ते त्याच्यासमोर येत राहावे लागते. जाहिरातीतील सातत्याचा खरा उपयोग येथे आहे. माल चांगला हे सांगण्याइतकेच, कारखाना अजून जागेवर आहे आणि उद्याही असेल, हे सांगणे महत्त्वाचे असते.

१९१० मध्ये बेळगाव सुटले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. कारखाना वाढू लागला, पण गिऱ्हाईक गावोगाव विखुरलेले.

१९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजेच ‘शंवाकि’, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. शंकरराव चित्रकलेचे शिक्षण घेतलेले आणि व्यंगचित्रे काढणारे. कोऱ्या दरपत्रकाने वाचक धरून ठेवता येत नाही, हे त्यांनी ओळखले असावे. कारखान्याच्या माहितीसोबत वाचनीय मजकूर येऊ लागला, आणि हळूहळू त्या मजकुरानेच बहुतेक जागा व्यापली. पुढे सावरकरांच्या सूचनेवरून नावातील ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ एवढेच उरले. म्हणजे मासिकाचे नाव आणि कारखान्याचे नाव एकच झाले! याहून अधिक टिकाऊ जाहिरात कल्पिणे कठीण.

१९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. ज्यांना नांगर कधीच विकत घ्यायचा नव्हता, त्यांच्याही घरात किर्लोस्करवाडीचे नाव पोहोचले.

कारखाना केवळ मासिकामुळे वाढला, असा दावा करणे चुकीचे ठरेल. संस्थानिकाचा आश्रय होता. महायुद्धात विलायती मालाची आवक मंदावली होती. आणि नांगर वाईट असता तर कोणत्याही मासिकाने तो तारला नसता. तरीही ‘चांगला माल आपोआप खपतो’ हे वाक्य ती पहिली दोन वर्षे खोटे ठरवतात.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना ‘जाहिरात’ या शब्दाचा संकोच वाटतो. उद्योगाच्या अभ्यासकांना मासिक हा मालकांचा हौशी छंद वाटतो. दोघेही एकाच वस्तूची अर्धी बाजू पाहतात. या संकोचाची किंमतही मोजावी लागली आहे. जुन्या मासिकांचे अंक एकत्र बांधताना वेष्टने आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ग्रंथालयांत होती. कथा राहिल्या, निबंध राहिले. नांगराचे चित्र कोणत्या पानावर, किती मोठे आणि कोणत्या शब्दांसह छापले जाई, हे शोधू पाहणाऱ्याला त्या खंडांत काही सापडत नाही.