लस हवीच, पण संमती कोणाची?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने या देशात वर्षाला किती स्त्रिया मरतात? 2022 च्या ग्लोबोकॅन अंदाजानुसार सुमारे 80 हजार. हा रोग प्रामुख्याने एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. मुलीला लहान वयात लस मिळाली आणि तिशीनंतर वेळेवर तपासणी झाली, तर तो बहुतांशी टाळता येतो. तरीही बाया मरतात. कारण तपासणी शहरात असते आणि एका दिवसाची मजुरी बुडवणे बाईला परवडत नाही.

2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र सरकारने 9 ते 14 वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचे जाहीर केले. आपण त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण या लसीचे नाव काढताच आपल्या वस्त्यांतली आई बिचकते. तिला अडाणी म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी खम्ममचा इतिहास वाचावा.

2009 साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील बडोदा जिल्ह्यात 10 ते 14 वर्षांच्या सुमारे 24 हजार मुलींसाठी 'पाथ' या अमेरिकन संस्थेने ही लस आणली. खम्मममध्ये त्यात आश्रमशाळा व वसतिगृहांतील आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. आंध्रातील तपासलेल्या 9543 संमतिपत्रांपैकी 2763 वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या आणि 1948 वर अंगठे होते. आई-बाप जिवंत असताना वॉर्डनला हा अधिकार कोणी दिला? सात मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाले नसावेत, असा चौकशी समितीचा निष्कर्ष आहे. तो मान्य केला तरी संमतीचा प्रश्न उरतोच. मुलगी दगावली नाही म्हणून तिच्या हक्काचा भंग माफ होत नाही.

संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट 2013 च्या 72 व्या अहवालात या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतेच. तिथे 9 मे 2018 रोजी घटनापीठाने ठरवले ते इतकेच, की संसदीय समितीचा अहवाल न्यायालयाला विचारात घेता येतो, मात्र त्याच्या वैधतेला आव्हान देता येत नाही. मुलींच्या संमतीचा मूळ प्रश्न त्या निकालाने सुटला नाही.

खम्ममच्या प्रकल्पाला 'प्रात्यक्षिक प्रकल्प' म्हटले गेले. चाचणी म्हटले, तर चाचणीचे नियम, नुकसानभरपाई आणि दुष्परिणामांची नोंद हे सारे गळ्यात पडते. नाव बदलले की जबाबदारी सैल होते! 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांत निरक्षर व्यक्तीच्या संमतीवेळी निःपक्ष साक्षीदार हवा, इजा झाल्यास भरपाई हवी, असे स्पष्ट म्हटले आहे. पण ज्या कामाला चाचणीच म्हटले नाही, त्याला हे नियम कोण लावणार?

आता आपल्या महाराष्ट्रात या. त्या वेळच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 1 लाख 31 हजार 746 स्त्रियांवर तपासणीचा अभ्यास झाला. एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून जगाला कळले. पण तुलनेसाठी ठेवलेल्या 31 हजार 488 स्त्रियांना अभ्यासातून तपासणी मिळाली नाही. त्यांना रोगाची माहिती दिली आणि तपासणीसाठी इस्पितळात जायला सांगितले. त्यांच्यापैकी 64 जणी याच रोगाने मेल्या. 'इथल्या बायांना एरवीही तपासणी मिळत नव्हतीच,' हा त्यावरचा बचाव. म्हणजे व्यवस्थेने आधी वंचित ठेवायचे आणि तीच वंचना संशोधनाचा आधार करायची!

खम्ममच्या गदारोळामुळे 2010 मध्ये लसीच्या मात्रांची दुसरी एक चाचणीही थांबली. तिच्या केंद्रांत आपले बार्शीही होते. त्यामुळे जवळपास पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर एका मात्रेनेही चांगले संरक्षण मिळते असे दिसले. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने एक मात्राही चालेल असे सांगितले, त्यामागच्या पुराव्यात या मुलींचा वाटा आहे. ज्यांच्या शरीरातून हे ज्ञान निघाले, त्यांच्या वस्तीत ती लस फुकट पोहोचली पाहिजे, हा आपला हक्क आहे.

बाबासाहेब विज्ञानाच्या बाजूने होते. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तेव्हा त्यांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात केले. ठराव पडला. पण स्त्रीच्या शरीराचा निर्णय धर्माने, नवऱ्याने किंवा सरकारने नव्हे, तर तिने घ्यायचा, ही दिशा बाबासाहेबांनी तेव्हाच दाखवली.

म्हणून लसीवर बहिष्कार घालणे हा आपला मार्ग नाही. बहिष्काराने मरणार त्या आपल्याच बाया. आपली मागणी अशी हवी: लस मोफत द्या, संमती आई-बापांची, मराठीत समजावून, मुलीलाही विचारून घ्या, मुख्याध्यापक किंवा वॉर्डनची सही चालणार नाही, दुष्परिणामाची लेखी नोंद करा आणि भरपाई द्या, प्रौढ स्त्रियांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू करा.

कार्यकर्त्यांनी शाळेत लसीकरण असेल त्या दिवशी तिथे हजर राहावे आणि संमतिपत्र स्वतः वाचून पाहावे. त्या कागदावर कोणाची सही आहे, यावरूनच कळेल की आपल्या मुलीला नागरिक मानले की नमुना.

जयभीम!