घरकुल जागा असलेल्याला. ज्याला जागाच नाही त्याने जायचे कुठे?

अखाजी आली की खान्देशात सालदाराचे साल संपते. मालकाशी जमले तर तोच गडी पुन्हा राहतो, नाही जमले तर बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या मळ्यात. वर्षभर ज्या खोपटात बायको-पोरे राहिली ते खोपट मालकाचे असते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत सातपुड्यातून उतरलेली पावरा-बारेला कुटुंबे अशीच राहतात. वीटभट्टीवरचा मजूर भट्टी चालू आहे तोवर भट्टीवर, ऊसतोड कामगार पट्टा पडेपर्यंत कारखान्याच्या कोपीत. आणि गावकुसाबाहेर पाले ठोकणारे डवरी गोसावी, नंदीवाले, वैदू यांचे तर गावच ठरलेले नाही.

बेघर म्हटले की आपल्याला मुंबईची फुटपाथ आठवते. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर नोंदली गेली. त्यांतली ८ लाख ३४ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मी, खेड्यापाड्यांतली होती. महाराष्ट्राचा आकडा दोन लाखांवर होता. ही मोजणी उघड्यावर राहणाऱ्यांची. मालकाच्या खोपटात राहणारा सालदार या आकड्यात येत नाही.

या माणसांसाठी नुसते घरकुल मंजूर करून भागणार नाही. जागा, घर आणि पहिली काही वर्षे पाठीशी उभा राहणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र द्याव्या लागतील, आणि त्याचा खर्च राज्य शासनानेच उचलला पाहिजे.

गाडी अडते कुठे?

इंदिरा आवास योजना १९८५-८६ साली सुरू झाली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. सपाट भागात घराला १ लाख २० हजार रुपये आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे, असा हिशेब ठरला. २०२५ मध्ये राज्याने आपल्या तिजोरीतून आणखी ५० हजारांची भर जाहीर केली. या योजनांतून गावोगाव पक्की घरे उभी राहिली, हे कुणी नाकारू नये.

पण ग्रामपंचायतीत गेल्यावर भाऊसाहेब पहिली गोष्ट विचारतात, "जागा कुठे आहे? नमुना आठवर नाव आहे का?" ज्याची पडकी भिंत उभी आहे त्याला नवे घर मिळते. ज्याला भिंतच नाही तो यादीतून गळतो. भाऊसाहेबांचा दोष नाही. कागदाशिवाय हप्ता सोडला तर उद्या चौकशी त्यांच्यामागे लागते. भूमिहीन लाभार्थ्याला जागा मिळवून देणे ही राज्याची जबाबदारी, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. गावात मात्र ती कुणाचीच जबाबदारी नसते.

जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय अर्थसहाय्य योजना २०१५ साली आली. ५०० चौरस फुटांपर्यंत ५० हजार रुपये, २०२४ मध्ये त्याचे एक लाख झाले. आता ५०० चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही. त्यात माणूस कसाबसा राहील, पण शेळ्या-कोंबड्या कुठे ठेवायच्या? रस्त्याकाठच्या गावात लाखात काय मिळते आणि अर्धा गुंठा तोडून द्यायला कोण तयार होतो, हे वाचकांना सांगायला नको.

त्यातून जातीचा दाखला. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या माणसाकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा गाढवावर संसार लादून हिंडला, त्याने १९६१ चा पुरावा कोणत्या गावच्या दप्तरातून काढायचा? गाव नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून गाव नाही. हे रहाटगाडगे आतून थांबत नाही, बाहेरून कुणीतरी हात घालावा लागतो.

पालातला माणूस कुणाचा?

१ जुलै २०१८ चा रविवार धुळे जिल्हा विसरू शकणार नाही. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठार मारले. मेलेले डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे. पिंपळनेरजवळ त्यांची पाले होती. जीव गेला तो ग्रामपंचायतीच्या कार्यालयात.

अफवा मोबाईलवर फिरली हे खरेच. पण त्या दिवशी "अहो, ही माणसे आमच्या ओळखीची आहेत" असे सांगणारा एकही जण तिथे उभा राहिला नाही, हेही खरे. पालात राहणाऱ्याला गाव ओळखत नाही, आणि ज्याला गाव ओळखत नाही त्याच्यावर पहिला संशय जातो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींच्या कपाळी जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला, तो १९५२ साली कायद्याने पुसला. माणसांच्या मनातला पुसायला शेजार लागतो, आणि शेजार व्हायला आधी घर लागते.

योजना आहे, तिला पाय द्या

नवीन काही शोधायची गरज नाही. २०११ साली राज्याने भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना काढली. प्रत्येक कुटुंबाला पाच गुंठे जागा, त्यावर २६९ चौरस फुटांचे घर आणि उरलेल्या जागेत पोटापाण्याचा उद्योग. वीस कुटुंबांची वसाहत, तिला रस्ता, पाणी, वीज. कल्पना उत्तम आहे. पण मूळ निर्णयात जिल्ह्याला वर्षाला तीनच गावे धरली होती. तीन गावे गुणिले वीस म्हणजे साठ कुटुंबे. या गतीने किती पिढ्या लागतील?

गावाच्या बाजूने हिशेब करू. वीस कुटुंबांना शंभर गुंठे, म्हणजे अडीच एकर जागा लागते. १ लाख २० हजारांच्या दराने वीस घरांचे २४ लाख होतात. रस्ता-पाणी धरून रक्कम वाढेल, तरी राज्याच्या अंदाजपत्रकात ती डोळ्यांत भरणारी नाही.

आता तिसरी गोष्ट, पाठीशी उभा राहणारा माणूस. प्रत्येक वसाहतीला पहिली तीन वर्षे एक पगारी कार्यकर्ता असावा. दाखले काढणे, रेशनकार्ड, बँकेचे खाते, पोरांची शाळा, दवाखाना, दारूच्या नादी लागलेल्याला उपचारापर्यंत नेणे ही त्याची कामे. फिनलंड या देशाने २००८ पासून हाच क्रम धरला. आधी माणसाला कायमचे घर दिले, मग त्याच्या व्यसनाचे, आजाराचे, कामाचे बघितले, आणि मदतीला माणसे ठेवली. पुढच्या बारा-तेरा वर्षांत तिथल्या बेघरांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. तो श्रीमंत देश आहे हे खरे, पण क्रम लावायला श्रीमंती लागत नाही.

पैसा कुठून आणायचा?

महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी गावोगाव गेली. तिच्यासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, आणि १९७७ साली कायदा झाला. अलीकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहे काढताना कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तेवढीच भर शासनाची, असे ठरले. त्या योजनेत जळगाव जिल्हाही आहे. कामाची हमी देता येते, वसतिगृहाला उपकर लावता येतो, तर मुक्त वसाहतीसाठी कायमचे लेखाशीर्ष का नको?

मात्र पैसा ओतला की घरे होतात, असेही नाही. जळगाव नगरपालिकेने ११ हजारांवर घरकुले बांधायला काढली, त्यांतली थोडीच पूर्ण झाली. २००६ मध्ये फिर्याद झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले, पुढे प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेले. निकाल काय व्हायचा तो होवो, गरिबाचे घर अर्धवट राहिले ते राहिलेच. म्हणून ठेकेदाराला आगाऊ रक्कम नको. पैसा कामाच्या टप्प्याप्रमाणे थेट कुटुंबाच्या खात्यात, आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा.

शेतकऱ्याच्या शंका

"आमचाच कापूस भावात मरतो, परक्यांना कशाला पोसायचे?" असे काही जण म्हणतील. पण कापूस वेचणीला, केळीच्या काढणीला माणूस मिळत नाही ही तक्रारही आपलीच आहे. ज्याला घर आहे तोच मजूर गावात टिकतो. सालदार परका नाही, आपल्या बैलांना वेळेवर चारा-पाणी तोच करतो.

"घर दिले तर कुलूप लावून निघून जातील." जातील ना, तोडीला नवरा-बायको जातीलच. पण म्हातारी घरी राहील, पोरगी शाळेत राहील. घर दोघांच्या नावावर करा आणि विक्रीला बंदी घाला, म्हणजे ते सावकाराच्या घशात जाणार नाही.

"गायरान गेले तर गुरांनी काय खायचे?" ही शंका रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढायला सांगितले. पण शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याच निकालात आहे. गायरान सरसकट वाटा असे कुणी म्हणत नाही. शासकीय पड जमीन असेल तर ती द्या, नसेल तर शासनाने बाजारभावाने अडीच एकर विकत घ्यावी. गावाबाहेर दोन कोसांवरची खडकाळ जागा मात्र नको. तिथे पाणी नाही, शाळा नाही, आणि पुन्हा शेजारही नाही.

ग्रामसभेपासून सुरुवात

मंत्रालयात जे व्हायचे ते होईल, पण त्याला गावाचा कागद लागतो. येत्या ग्रामसभेत सरपंच आणि भाऊसाहेबांनी तीन कामे करावीत. आपल्या शिवारात खोपटात, पालात, भट्टीवर राहणाऱ्या कुटुंबांची नावानिशी यादी करावी, मग ते मूळचे कुठलेही असोत. गावात कोणती शासकीय जागा मोकळी आहे ते तलाठ्यांकडून गट नंबरसह लिहून घ्यावे. आणि मुक्त वसाहतीची मागणी ठरावाने जिल्हाधिकारी व समाजकल्याण खात्याकडे पाठवून त्याची पोच घ्यावी. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून असे शंभर ठराव गेले, तर तीन गावांची मर्यादा का ठेवली याचे उत्तर शासनाला द्यावेच लागेल. तोपर्यंत निदान यंदाच्या अखाजीला साल मोडलेल्या सालदाराला, पावसाळा सरेपर्यंत खोपट सोड म्हणू नका.