विश्लेषण : ध्रुवांवरचा बर्फ पुण्याच्या वर्गात कसा शिकवायचा?

काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगतो आहे. तो वितळल्यावर पाणी सांडेल का? वर्गात विचारून पाहा, अनेक हात 'हो' म्हणत वर जातील. बरोबर उत्तर आहे 'नाही'. आर्क्टिक महासागरावर तरंगणारा बर्फ वितळला, तरी त्यामुळे समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकातला जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात आला की मात्र ती वाढते. हवामान बदलाच्या चर्चेतला हा अगदी पहिला फरक आहे. तो मुलांपर्यंत नेणाऱ्या विज्ञान शिक्षकाची तयारी कोण करून घेते, हा आजचा प्रश्न आहे.

पुण्याचा ध्रुवांशी काय संबंध?

संबंध जुना आहे. लोकमान्य टिळकांनी आर्यांचे मूळ वसतिस्थान आर्क्टिक प्रदेशात असल्याचे मांडणारा ग्रंथ 1903 मध्ये पुण्यातूनच प्रसिद्ध केला. तो सिद्धांत आज मान्य नाही, पण सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र या कल्पनेची पुणेकरांना तेव्हापासून ओळख आहे. शिवाजीनगरच्या 'सिमला ऑफिस'मध्ये हवामान खाते आहे आणि पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली, त्या पहिल्या मोहिमेपासून हवामान खाते या कामात आहे. आज अंटार्क्टिकात 'मैत्री' (1989) व 'भारती' (2012) आणि आर्क्टिकमध्ये 'हिमाद्री' (2008) ही भारताची केंद्रे आहेत. त्यांचा कारभार गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते.

आपल्या पावसाशी काय संबंध?

ताजा बर्फ ऊन मोठ्या प्रमाणात परत फेकतो. तो वितळल्यावर उघडा पडलेला गडद समुद्र तेच ऊन शोषून घेतो. त्यामुळे तापमान वाढते आणि आणखी बर्फ वितळतो. याचे परिणाम वातावरणातून दूरवर जातात. आर्क्टिकमधील कारा समुद्रावर उन्हाळ्यात बर्फ कमी असण्याचा आणि मोसमी हंगामाच्या अखेरीस मध्य भारतात होणाऱ्या अतिवृष्टीचा संबंध असू शकतो, असे वास्कोच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये मांडले. सप्टेंबरात काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेलेले पाहणाऱ्या राज्यासाठी हा विषय दूरचा नाही.

मग पुस्तकात हे नाही का?

बरेचसे आहे, पण सुटे सुटे. दहावीच्या विज्ञानात 'उष्णता' या प्रकरणात अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन, पाण्याचे असंगत आचरण हे सगळे आहे. ध्रुवीय प्रदेश मात्र भूगोलाच्या तासाला येतो. चार अंशांना पाण्याची घनता सर्वाधिक असते, हे विद्यार्थी पाठ करतो. गोठलेल्या तळ्याखाली मासे कसे जगतात, हेही लिहितो. पण समुद्राचे खारे पाणी गोठताना वेगळे वागते, याकडे त्याचे लक्ष कोणी वेधत नाही. हे दुवे जोडणे शिक्षकाचे काम आहे आणि ते जोडायला त्याला शिकवणे हे प्रशिक्षणाचे.

प्रशिक्षण कसे हवे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी किमान 50 तासांचे व्यावसायिक विकासाचे प्रशिक्षण मिळायला हवे. ते तास पडद्यावरच्या स्लाइड आणि हजेरीच्या सहीत संपू नयेत. अमेरिकेत 'पोलरट्रेक' या उपक्रमातून शाळांचे शिक्षक शास्त्रज्ञांसोबत काही आठवडे ध्रुवीय प्रदेशात काम करून आले. आपल्याला तेवढा खर्च झेपणार नाही आणि त्याची गरजही नाही. पाठ्यपुस्तके करणारी 'बालभारती', राज्याचे प्रशिक्षण ठरवणारी शैक्षणिक संशोधन परिषद, शिक्षकांसोबत काम करणारी 'आयसर' आणि हवामानाच्या दोन्ही संस्था एकाच शहरात आहेत. ही सोय दुसऱ्या कोणत्या शहराला आहे?

या 50 तासांपैकी सहा तास ध्रुवीय विज्ञानाला द्यावेत. पहिल्या दोन तासांत शिक्षकांनी स्वतः प्रयोग करावेत : एका पेल्यात तरंगता बर्फ, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडावर ठेवलेला बर्फ, दोन्हीकडे पातळीची खूण. काळ्या आणि पांढऱ्या कागदात गुंडाळलेले दोन तापमापक उन्हात ठेवावेत. पुढचे दोन तास अंटार्क्टिकात राहून आलेल्या हवामान कर्मचाऱ्याशी गप्पा आणि तिथल्या खऱ्या नोंदींचे आलेख काढणे. शेवटचे दोन तास विज्ञान आणि भूगोल शिक्षकांनी एकत्र बसून आपल्या वर्गासाठी पाठ तयार करावा.

आधीच ओझे कमी आहे का?

हा आक्षेप रास्त आहे. सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची कामे यांत शिक्षक पिचला आहे. म्हणूनच वाढीव तास मागू नयेत, ठरलेल्याच तासांचा उपयोग बदलावा. नवा धडाही नको. उष्णता, घनता, प्रकाशाचे परावर्तन हे शिकवायचेच आहे. उदाहरण तेवढे ध्रुवांवरचे घ्यायचे.

बर्फ न पाहिलेल्या मुलांना ध्रुव कशाला, असेही कोणी विचारेल. आजच्या दहावीतल्या मुलांपुढचा पाऊस त्यांच्या आजोबांच्या आठवणीतला नसेल. तो का बदलतो आहे, हे त्यांना मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपातून कळावे की वर्गातल्या पेल्यातून, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.