पवनचक्की करा, पण आधी वही उघडा

विज्ञान प्रदर्शनात पवनचक्कीची प्रतिकृती नाही, असे वर्ष सहसा जात नाही. टेबलावरचा पंखा सुरू केला की पाती फिरतात, इवलासा दिवा लागतो आणि परीक्षक पुढे सरकतात. माझे स्पष्ट मत असे की, या दिव्याला गुण देऊ नयेत. विजेच्या पंख्याने वारा घालून वीज मिळविणे म्हणजे रुपया खर्चून पाच पैसे कमावणे होय. गुण द्यावेत ते महिनाभर खऱ्या वाऱ्यात उभ्या राहिलेल्या चक्कीच्या नोंदवहीला.

पालघर, बोईसर, तारापूर हा आपला किनारा या प्रयोगाला सोयीचा आहे. दिवसा जमीन लवकर तापते व समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री ती लवकर निवते व मतलई वारे समुद्राकडे जातात. वाऱ्याची दिशा अशी पालटत असेल तेथे उभ्या आसाची चक्की बरी. तिला वाऱ्याकडे तोंड वळवावे लागत नाही आणि जनित्रही खाली ठेवता येते. फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनियस यांनी १९२० च्या दशकात योजलेली रचना तर अगदी सोपी आहे. पत्र्याच्या दोन अर्धनळ्या एकमेकींपासून थोड्या सरकवून, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारख्या आसावर बसवायच्या. खोलगट बाजू वारा अडविते, फुगीर बाजूवरून तो निसटतो. या फरकाने चक्की फिरते. मात्र त्यासाठी कारखान्यातले रसायनाचे रिकामे पिंप कधीही कापू नका. आत राहिलेल्या वाफांचा स्फोट होऊ शकतो. वादळाची सूचना मिळताच चक्की दोराने जखडून ठेवा.

आता हिशेब करू. हवेच्या घनतेच्या निम्म्याला चक्कीच्या क्षेत्रफळाने आणि वेगाच्या घनाने गुणले की वाऱ्याची शक्ती मिळते. घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर, क्षेत्रफळ १ चौरस मीटर व वेग सेकंदाला ३ मीटर धरला, तर उत्तर येते सुमारे १६ वॅट. त्यातले साधारण १५ टक्केच ही चक्की पकडते. पट्टा, धारवे आणि जनित्र यांत आणखी निम्मे गेले, तर हाती उरतो जेमतेम १ वॅट! पण वेग ६ मीटर झाला की शक्ती आठपट होते. म्हणून पाती रंगविण्यापूर्वी निदान पंधरा दिवस वारा मोजा. पाण्याच्या टाकीआड आणि मोकळ्या गच्चीवर किती फरक पडतो, ते वहीच सांगेल.

साठवणीचा प्रश्नही असाच आकड्यांनी सोडवावा. वारा दिवसभर ३ मीटर वेगाने वाहिला, तर २४ वॅट-तास मिळतील. शिशाच्या बॅटरीत भरताना व काढताना त्यातला सुमारे पाव भाग जातो. उरलेल्या १८ वॅट-तासांवर ६ वॅटचा एलईडी दिवा तीन तास जळेल. जनित्र व बॅटरी यांमध्ये डायोड जोडा. नाही तर वारा पडला की बॅटरीच जनित्र फिरवू लागेल. बॅटरीऐवजी पाणी वर चढवून ठेवले तर? १००० लिटर पाणी १० मीटर उंच नेले, तरी साठतात फक्त २७ वॅट-तास. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीत मात्र ८४ मावतात. तरीही सह्याद्रीतील घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॉटचा प्रकल्प पाणी वर चढवूनच वीज साठवितो. कारण तेथे पाणी अफाट आणि उंची सुमारे चारशे मीटर आहे.

तारापूरच्या अणुवीज केंद्रातील तिसऱ्या व चौथ्या संचांची क्षमता प्रत्येकी ५४० मेगावॉट आहे. एका संचाची बरोबरी करायला आपल्या १ वॅटच्या चोपन्न कोटी चक्क्या लागतील. हे ऐकून खट्टू होऊ नका. तुमची चक्की घरचे वीजबिल कमी करणार नाही. पण वीज किती कष्टाने मिळते, हे ती तुम्हांला आकड्यांत शिकवील.

शिक्षकांनाही एक विनंती. यंदाच्या प्रदर्शनात “दिवा लागतो का?” असे विचारू नका. “काल किती वॅट-तास मिळाले आणि परवापेक्षा कमी का?” असे विचारा. आकडा लहान असला तरी चालेल. तो मुलांनी स्वतः मोजलेला असावा.