टॉवेल जिथे जातो, तो समाजही वाचायला हवा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत विणल्या जाणाऱ्या चादरीवर मोरपिसांची नक्षी उमटवणारे जकार्ड हे यंत्र मूळचे फ्रान्समधल्या लिऑनचे. जोसेफ मारी जकार्ड याने ते 1804 च्या सुमारास सिद्ध केले. त्याच लिऑनमधले रेशीम विणकर 1831 मध्ये नगावरच्या मजुरीचा किमान दर ठरावा म्हणून रस्त्यावर उतरले आणि 1834 मध्ये पुन्हा उतरले. यंत्र सोलापुरात आले, ते चालवणारे आणि दुरुस्त करणारे हात इथे तयार झाले. पण त्या यंत्राभोवती तिथल्या समाजात जो संघर्ष झाला, जे कायदे घडले, माणसाच्या कामाविषयी जे विचार रुजले, त्यांची ओळख यंत्राबरोबर आली नाही. आज इथला टेरी टॉवेल आखाती देशांबरोबर युरोपातही जातो, आणि आपण युरोपकडे गिऱ्हाईक म्हणून पाहतो, समाज म्हणून पाहत नाही. निर्यातीवर ज्याची चूल अवलंबून आहे त्या शहराने युरोपच्या संस्कृतीचा आणि समाजाचा अभ्यास ही पुण्या-मुंबईतल्या सुखवस्तू मुलांची हौस मानू नये. ती इथल्या उद्योगाची आणि इथल्या कामगाराच्या सुरक्षिततेचीही गरज आहे.

असा अभ्यास करण्याची वाट अस्तित्वात आहे. ‘युरोकल्चर’ ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी 1998 पासून चालते आणि 2006 मध्ये ती युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस योजनेत आली. नेदरलँड्समधले ग्रोनिंगेन, जर्मनीतले ग्योटिंगेन, स्वीडनमधले उप्साला, स्पेनच्या बास्क प्रदेशातले देउस्तो, पोलंडमधले क्राकुव अशी विद्यापीठे ती मिळून चालवतात. विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो. इतिहास, कायदा, राज्यशास्त्र, धर्म आणि समाजशास्त्र यांना एकमेकांशेजारी ठेवून युरोप समजून घेतो. तिसऱ्या सत्रात संशोधन करतो किंवा एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करतो. युरोपबाहेरच्या मोजक्या भागीदारांत जपानचे ओसाका, मेक्सिकोचे राष्ट्रीय विद्यापीठ यांच्या जोडीला आपले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ राहिले आहे. म्हणजे ग्योटिंगेनला निघणारी वाट सोलापूरहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या शहरातून जाते. तरीही सोलापूरच्या महाविद्यालयांत पदवीनंतरच्या वाटांची चर्चा होते तेव्हा या वाटेचे नाव सहसा निघत नाही.

उद्योगाला याची गरज का, हे नियमांच्या जन्मकथा पाहिल्या की कळते. जर्मनीने 1994 मध्ये कर्करोगाचा धोका असणाऱ्या अझो रंगांवर बंदी घातली, तेव्हा भारतातल्या कापड निर्यातदारांची तारांबळ उडाली. पुढे 2002 मध्ये युरोपीय संघाने ती बंदी सर्व सदस्य देशांना लागू केली. आपल्याकडे ती एखाद्या फतव्यासारखी येऊन आदळली. पण जर्मनीत पर्यावरण आणि ग्राहक चळवळींनी त्याआधी कितीतरी वर्षे तिची जमीन तयार केली होती. दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. 11 सप्टेंबर 2012 रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या तयार कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले. त्या कारखान्याचा मुख्य ग्राहक जर्मनीतली एक स्वस्त कपड्यांची साखळी होती. पीडितांनी डॉर्टमुंडच्या न्यायालयात तिच्याविरुद्ध दावा लावला आणि 2019 मध्ये तो मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. खटला हरला, पण प्रश्न विझला नाही. 2013 मध्ये ढाक्याजवळ राना प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून 1134 माणसे गेली होतीच. कामगार संघटना, चर्चशी जोडलेल्या मदतसंस्था आणि मानवाधिकार कार्यकर्ते यांनी लावून धरलेल्या मागणीतून 2021 मध्ये जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा झाला आणि 2023 पासून तो लागू झाला. माल दूरच्या देशात बनत असला तरी तिथल्या कामगाराच्या हक्कांची दखल जर्मन कंपनीने घेतली पाहिजे, हे त्याचे सूत्र आहे. करसवलतींचेही तसेच. पाकिस्तानच्या टॉवेलला 1 जानेवारी 2014 पासून युरोपात शुल्कमाफी मिळाली. ती मानवाधिकार, श्रम, पर्यावरण आणि सुशासन यांविषयीच्या 27 आंतरराष्ट्रीय करारांच्या पालनाशी बांधलेली आहे. भारतीय टॉवेलवर त्या काळात शुल्क लागत राहिले. टॉवेलचा भाव सुताच्या दराइतकाच तिथल्या समाजाच्या न्यायकल्पनेवरही ठरतो, हे यातून दिसते.

हा मुद्दा आपल्या वसाहतीच्या दारापर्यंत येतो. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि 8 जणांचा जीव गेला. त्यांत मालक आणि त्यांच्या घरातली माणसे होती, तशीच तिथे काम करणाऱ्या कुटुंबातलीही होती. युरोपीय कायद्याची रचना मनात एक विशिष्ट चित्र धरून झालेली असते: मालक दूर कुठेतरी, कामगार कारखान्यात, आणि दोघांमध्ये तपासनीस. सोलापुरात अनेक ठिकाणी घर आणि माग एकाच छताखाली असतात, मालकाची नातवंडे आणि कामगाराची मुले एकाच आवारात वाढतात. कराचीच्या आगीतून जन्मलेला नियम इथे लागू करायचा तर त्याचा हेतू जपून त्याचे रूप बदलावे लागेल. हे बदल सुचवणार कोण? ज्याला जर्मन संसदेत हा कायदा कोणत्या नैतिक आग्रहातून आला हे माहीत आहे आणि माग-घराची रचनाही माहीत आहे, तोच माणूस दोन्ही बाजूंना समजेल असे बोलू शकतो. अशा माणसांची आज वानवा आहे.

यावर पहिला आक्षेप उद्योजकांचा असेल. आम्हाला रंगाची चाचणी करणारी प्रयोगशाळा द्या, प्रमाणपत्र मिळवून देणारा सल्लागार द्या. युरोपचा इतिहास शिकून टॉवेलची गुणवत्ता वाढत नाही. प्रयोगशाळा हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण ग्राहकाकडून येणारी अटींची यादी हा एका लांबलेल्या वादाचा शेवट असतो. ती हातात पडेपर्यंत खर्च आणि मुदत दोन्ही ठरून गेलेले असतात. तो वाद सुरू असतानाच जो वाचू शकतो, त्याला पुढची यादी दोन-तीन वर्षे आधी दिसते. 2024 मध्ये युरोपीय संघाने शाश्वत उत्पादनांचा जो नियम आणला, त्यात वस्तूंच्या डिजिटल पासपोर्टची तरतूद आहे आणि कापड त्यातल्या अग्रक्रमाच्या वस्तूंत आहे. सूत, रंग, पाणी, पुनर्वापर यांची माहिती मालासोबत प्रवास करणार आहे. ही तयारी एका सल्लागाराच्या भेटीत होत नाही. अनेक विषयांचा अभ्यास म्हणजे सगळ्यातले थोडे-थोडे, अशीही शंका घेतली जाते आणि तिच्यात तथ्य आहे. एका विषयाचा पक्का पाया नसेल तर अशी पदवी उथळ ठरते. म्हणून ती पदवीनंतरची आहे. कायदा, वस्त्रतंत्र किंवा अर्थशास्त्र शिकलेल्याने तिच्याकडे वळावे. टॉवेलचा प्रश्नच कायदा, इतिहास आणि नीती यांत विभागलेला असताना त्याचे उत्तर एका विषयाच्या चौकटीत बसणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या शहराने 1930 मध्ये ब्रिटिशांचा मार्शल लॉ सोसला, ज्याचे चार सुपुत्र 12 जानेवारी 1931 रोजी फासावर गेले, त्याने पुन्हा युरोपचे गुणगान का शिकावे? पण अभ्यास म्हणजे गुणगान नव्हे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1928 मध्ये संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगन फिशर हे वंशविज्ञानातले मोठे नाव होते, पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाला त्यांनी आधार दिला. कवट्यांच्या ठेवणीवरून वंशाचे श्रेष्ठत्व दाखवण्याची अपेक्षा असलेल्या त्या वातावरणात इरावतीबाईंनी मोजमापे केली आणि तसा संबंध दिसत नाही, हेच लिहिले. युरोपच्या घरात बसून युरोपची चूक दाखवण्याचे बळ अभ्यासाने येते. उलट दिशेनेही पाहावे. हायडेलबर्गचे जर्मन अभ्यासक ग्युंटर सोंथायमर यांनी आपल्या धनगरांचे देव, खंडोबा आणि पंढरीची वारी यांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवले. त्यांनी आपला समाज इतक्या आस्थेने वाचला. आपल्यापैकी किती जणांनी त्यांचा वाचला? शिवाय युरोप म्हणजे फक्त राज्य करणारे देश नव्हेत. पोलंड 1795 ते 1918 नकाशावरच नव्हता. देउस्तो विद्यापीठाच्या बिल्बाओ शहराने पोलाद आणि जहाजबांधणीचे उद्योग कोसळताना पाहिले, जशा सोलापूरने आपल्या गिरण्या बंद पडताना पाहिल्या. तिथून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, तिथे सांगण्यासारखेही.

तिसरा प्रश्न पोटाचा. एवढे शिकून मुलगा परत येईल का, आणि यंत्रमाग कामगाराच्या मुलीला हे परवडेल का? इरास्मस मुंडसची शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षणशुल्क भरावे लागत नाही आणि दरमहा 1400 युरो मिळतात. अडचण आहे ती इंग्रजीची, अर्ज लिहिण्याच्या सरावाची आणि माहितीची. सोलापूरच्या मुलांकडे एक भांडवल मात्र आधीपासून आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू यांच्यात ये-जा करत ती वाढतात. 24 अधिकृत भाषांचा युरोपीय संघ समजून घ्यायला ही तयारी मोलाची आहे. काही जण परतणार नाहीत, हे मान्य करावे. ब्रसेल्समध्ये काम करणारी सोलापूरची मुलगीही या शहराच्या कामी येऊ शकते. मात्र तिचा शोधनिबंध याच वसाहतीबद्दल असावा, अशी व्यवस्था आपण करायला हवी.

ती व्यवस्था आवाक्यातली आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने पुणे विद्यापीठाशी बोलून संशोधनाच्या सत्रासाठी युरोपीय विद्यार्थ्यांना अक्कलकोट रोडवर आणावे आणि आपले विद्यार्थी तिकडे पाठवण्यासाठी जर्मन भाषेचे आणि अर्जलेखनाचे वर्ग चालवावेत. टॉवेल निर्यातदारांनी दरवर्षी दोन-तीन मुलांचा परीक्षा आणि व्हिसाचा खर्च उचलावा. परतलेल्यांनी आपला अभ्यास मराठीत लिहावा, म्हणजे तो कारखानदाराला आणि मागावरच्या कामगारालाही वाचता येईल. उद्या सोलापूरच्या टॉवेलला युरोपात शिरताना पासपोर्ट लागेल. त्या पासपोर्टात सूत आणि रंग यांच्या शेजारी विणणाऱ्या हातांची काय नोंद असावी, हे ठरत असताना तिथे या वसाहतीचे घर-माग पाहिलेले कोणी तरी बोलत असले पाहिजे. असा माणूस घडवायला सुरुवात आजच करावी लागेल.