टीप द्या, उधळू नका

2004 साली पहिला पगार झाला आणि मी, महागावचं पोरगं, ऑफिसातल्या सिनियर्सबरोबर मुंबईत डान्सबारला गेलो. (आई, पान उलट!) त्यातल्या एकाने दहाच्या नोटांचं बंडल उधळलं आणि 'आता इथे येऊन बस' म्हणून तिच्यामागे लागला. ती हसून नाही म्हणाली. साहेब भडकले, ''पैसे मोजलेत!''

मोजले होते ना, पण नाचाचे. तिच्या सोबतीचा सौदा झालाच कुठे होता? मी मात्र ग्लासकडे बघत गप्प. ते अजून टोचतं.

2005 मध्ये सरकारने हे बार बंद केले. ती बंदी 2013 मध्ये सुप्रीम कोर्टातही टिकली नाही. मग 2016 चा नवा कायदा आला. जानेवारी 2019 मध्ये कोर्टाने त्यातल्या बऱ्याच अटी उडवल्या, काही मात्र ठेवल्या, त्यातली एक: टीप चालेल, नोटा उधळायच्या नाहीत. मला तर बुवा अख्ख्या निकालात हेच सगळ्यात पटलं. टीप समोरच्या बाईला असते, उधळण स्वतःच्या रुबाबासाठी.

परवा तो सिनियर एका लग्नात भेटला. ''काय दिवस होते यार!''

''तिचं नाव काय होतं रे?'' मी विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. विचारलं तर मीही नव्हतं.