एका तबकातील पेले

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी धारवाड येथे मालमड्डीच्या बाजूस एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो होतो. धारवाडचा पाऊस आपणांस ठाऊकच आहे. तो कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर रेंगाळतो. ओली छत्री ओसरीवर ठेवून आम्ही आत बसलो, तोच घरच्या बाईंनी काचेच्या कपाटातून सहा पेले काढून एका पितळी तबकात मांडले. पेले लहान, कान नसलेले, वर किंचित रुंद होत गेलेले. कोणी हिरवा, कोणी निळा, कोणी जांभळा. प्रत्येकाच्या अंगावर सोनेरी वेल काढलेली आणि मध्ये पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी.

“फादर, थोरल्याने जहाजावरून येताना आणले,” बाई म्हणाल्या. “कासाब्लांका म्हणून बंदर आहे म्हणे. तिकडे ह्यातच चहा देतात, आणि तोही पुदिन्याचा. आपण आलात म्हणून आज पहिल्यांदा काढले.”

हुबळीच्या बाजारातून पुदिन्याची जुडी आणलेली होती. मुलाने दूरध्वनीवरून सांगितल्याप्रमाणे हिरवा चहा, पुदिना आणि भरपूर साखर घालून बाईंनी तो पेय पदार्थ सिद्ध केला होता. सोबत धारवाडी पेढा होताच. गवती चहा व आले ह्यांची सवय असलेल्या आमच्या जिभेस तो चहा प्रथम काढ्यासारखा भासला. परंतु दुसऱ्या घोटास त्याची गोडी कळू लागली.

अशा पेल्यांविषयी पुष्कळ घरांत कुतूहल असते. आखातात किंवा जहाजांवर नोकरीस असलेली आपली मुले अशा वस्तू हौसेने घरी आणतात. म्हणून त्यांविषयी थोडी माहिती येथे देणे उचित होईल.

काचेवर टिकणारा रंग हा भिंतीच्या रंगासारखा नसतो. तो स्वतःच एक प्रकारची काच असतो. लवकर वितळणारी काच बारीक दळून तीत धातूंची भस्मे मिसळतात. कोबाल्टने निळा रंग येतो, क्रोमियमने हिरवा. ही पूड तेलात कालवून कुंचल्याने पेल्यावर नक्षी काढतात आणि पेला भट्टीत सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सियस उष्णतेत भाजतात. तेव्हा रंग पेल्याच्या अंगाशी एकजीव होतो. सोनेरी रेघही अशीच भाजून पक्की करतात. हाताने रंगविलेल्या पेल्यांत एका वेलीचे पान दुसरीच्या पानाशी तंतोतंत जुळत नाही, आणि हीच त्यांची ओळख होय. आज बाजारात मिळणारे पुष्कळसे पेले यंत्राने छापलेले असतात. ते सर्व एकसारखे दिसतात.

गृहिणींनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नखाने खरवडताच रंग निघू लागला, तर तो भट्टीत भाजलेला नाही असे समजावे आणि तो पेला केवळ शोभेस ठेवावा. काही रंगांत शिसे व कॅडमियम हे विषारी धातू असतात. म्हणून जेथे ओठ लागतो त्या काठाशी, तसेच पेल्याच्या आतल्या बाजूस रंग नसावा. दुसरे असे की, जाड काच उकळत्या चहाने तडकण्याचा संभव पातळ काचेपेक्षा अधिक. आतली बाजू तापून फुगते, बाहेरची थंडच राहते, आणि त्या ओढाताणीत काच फुटते. प्रथम थोडा चहा ओतून पेला फिरवून घ्यावा, मग भरावा.

ज्या मोरोक्को देशाचे हे पेले, तेथे चहा पिकत नाही. तो चीनमधून येतो. त्याची पाने बंदुकीच्या दारूच्या दाण्यांसारखी वळलेली असतात, म्हणून इंग्रज व्यापाऱ्यांनी त्यास तेच नाव दिले. १८५३ ते १८५६ ह्या काळात क्रिमियाचे युद्ध पेटले, तेव्हा उत्तरेकडील बाजारपेठा बंद पडल्यामुळे ह्या व्यापाऱ्यांनी आपला माल टँजियरसारख्या मोरोक्कोच्या बंदरांत उतरविला आणि पूर्वी श्रीमंतांपुरता असलेला चहा सामान्य लोकांच्या घरी पोहोचला, असे सांगतात. त्या लोकांनी त्यात आपला पुदिना व साखर मिसळली आणि परका चहा आपलासा केला. आज पाहुणा दाराशी येताच चहाची किटली चढविणे हा तेथील घराघराचा धर्म झालेला आहे.

त्यांची वाढण्याची रीत पाहण्यासारखी असते. एका तबकात सर्व पेले मांडतात. किटली हातभर उंच धरून चहाची धार सोडतात. त्यायोगे चहा थोडा निवतो आणि वर फेस येतो. पेला काठोकाठ भरीत नाहीत, कारण त्यास कान नसल्यामुळे वरचा रिकामा काठच बोटांनी धरावयाचा असतो. एकदा पिऊन होताच पुन्हा भरतात; तीन वेळा घेण्याची वहिवाट आहे. तबक एक, किटली एक, आणि त्या तबकाभोवती बसलेल्या सर्वांस चहा त्याच किटलीतून.

हे सर्व आम्ही मागाहून वाचले. त्या दुपारी मात्र पेल्यांचे कौतुक करीत असता आमची दृष्टी सहज मागील दारी गेली. पडवीची भिंत पावसाने खचली होती आणि एक गवंडी व त्याच्या हाताखालची बाई तेथे काम करीत होती. त्यांनाही चहा दिला गेला होता, हे खरे. घरच्या बाई दयाळू आहेत. कोणास उपाशी जाऊ देणाऱ्या नव्हेत. परंतु तो चहा होता कान तुटलेल्या दोन कपांत. पिऊन झाल्यावर त्या कामकरी बाईने दोन्ही कप स्वतःच नळाखाली विसळले आणि खिडकीच्या बाहेरील कट्ट्यावर पालथे घातले. तिला जागा कोणी दाखविली नाही. ती तिला ठाऊक होती.

आम्ही ते पाहिले, आणि आमच्या हातातील निळ्या पेल्यातला चहा संपविला. काही बोललो नाही.

चहाच्या पेल्याने माणसांची प्रतवारी करण्याचा हा रोग आपल्या प्रांती जुना आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. हे मिशन आपल्या कॅथॉलिक मंडळींचे नव्हे, अँग्लिकन पंथाचे. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांनी जमलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांपुढे चहा व बिस्किटे ठेविली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. कोणी चहा प्यायले, कोणी केवळ मान राखण्यापुरता कप हाती घेतला. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे पती गोपाळराव ह्यांनी त्या सर्वांची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताच्या आज्ञा सुटल्या. रानड्यांसारख्या पुरुषासही अखेर १८९२ साली प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक कप चहाचा, पण तो कोणाच्या हातचा ह्या प्रश्नाने एवढे मोठे शहर दोन वर्षे ढवळून निघाले!

योगायोग असा की, त्याच १८९० साली एक सोळा वर्षांचा राजपुत्र शिक्षणासाठी आपल्या धारवाडास आला. ते कोल्हापूरचे शाहू महाराज. फ्रेझर नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली ते धारवाडात शिकले आणि १८९४ साली त्यांनी कोल्हापूरचा राज्यकारभार हाती घेतला. पुढे त्यांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य गणलेल्या सेवकास, वरच्या जातीच्या लोकांसाठी राखलेल्या पाण्यास शिवला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्यास स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य केले. गंगारामांनी कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे दुकान थाटले. लोक तेथे फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करवीत, गंगारामांच्या हातचा चहा मागवून पीत आणि बरोबरच्या मंडळींसही पाजीत. १९२२ साली महाराज निवर्तले. त्यांनी कायदे केले, वसतिगृहे काढली. परंतु त्या भर रस्त्यातील चहाची आठवण लोक आजही काढतात. कारण कायदा कागदावर राहू शकतो; ओठाला लावलेला कप सर्वांना दिसतो.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने खाणावळीतील व उपाहारगृहातील भांडी वापरण्यास कोणास जातीवरून मज्जाव करणे हा अपराध ठरविला. तो कायदा आजही नागरी हक्क संरक्षण कायदा ह्या नावाने चालू आहे. ह्या कायद्यात भांड्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, ह्यावरूनच चहाच्या दुकानांतून वेगळ्या पेल्यांची चाल किती रुजली होती हे कळून येते. परंतु कायद्याचा हात दुकानापर्यंत पोहोचतो. घरातील मांडणीपर्यंत, खिडकीच्या कट्ट्यापर्यंत तो पोहोचत नाही. तेथे पाहणारे आपणच.

कोणी म्हणेल, हा दोष इतरांचा. आपणां ख्रिस्ती लोकांत जात कोठे आहे? बंधुभगिनींनो, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. भारतातील कॅथॉलिक धर्माध्यक्षांनी २०१६ साली दलितांच्या उत्कर्षाविषयी आपले धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा आपल्याच लोकांत जातिभेद पाळला जातो हे त्यांनी उघडपणे मान्य केले. एका वेदीसमोर गुडघे टेकणारे आपण घरी गेल्यावर दोन प्रकारचे कप वापरतो, हे त्यांस ठाऊक होते.

त्या सायंकाळी हुबळीस परतलो तेव्हा मनास स्वस्थता नव्हती. त्या बाईंस दोन शब्द सांगावयास हवे होते असे वाटत होते. रात्री पाणी पिण्यास स्वयंपाकघरात गेलो. मांडणीवर चिनीमातीचे बारा कप ओळीने टांगलेले होते. खाली, मोरीच्या बाजूच्या कोनाड्यात, जाड काचेचे दोन ग्लास पालथे होते. स्वयंपाकीणबाईंस विचारले, हे कोणाचे?

त्या म्हणाल्या, “झाडलोट करणाऱ्या मावशींचा एक आणि दफनभूमीत खड्डे खणणाऱ्या बाबांचा एक. आपण येण्याच्या आधीपासून तेथेच आहेत, फादर.”

सहा वर्षे आम्ही त्या घरात राहतो. सहा वर्षे प्रतिदिनी दोन वेळा तेथे चहा घेतो. ज्या बाबांनी आमच्या शेकडो माणसांस मातीआड निजविले, ज्यांच्या शेजारी उभे राहून आम्ही प्रार्थना म्हटल्या, ते आपला चहा कशातून पितात हे आम्ही एकदाही पाहिले नव्हते. मालमड्डीच्या घरातील खिडकी आम्हांस दुरून दिसली. आपल्या घरातील कोनाडा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा आले तेव्हा मांडणीवरील कपांतून त्यांस चहा दिला व स्वतःही तसाच कप घेऊन त्यांच्याजवळ पायरीवर बसलो. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता. बराच वेळ प्यायले नाहीत.

“फुटला तर, फादर?” त्यांनी विचारले.

“आमच्या हातूनही दोन फुटले आहेत,” आम्ही म्हणालो.

ते हसले नाहीत. चहा संपवून त्यांनी कप स्वतः धुतला आणि सवयीने नेऊन कोनाड्यात पालथा घातला. आम्ही तो उचलून मांडणीवर इतर कपांत टांगला. दुसऱ्या दिवशीही असेच घडले. तिसऱ्या दिवशीही. अनेक वर्षांची सवय तीन दिवसांत जात नाही, त्यांची नाही आणि आमचीही नाही. ते जाड ग्लास आता मांडणीवर आहेत. पाण्यासाठी ज्याच्या हातास लागतील तो घेतो.

मालमड्डीच्या त्या बाईंस आम्ही अद्याप काही बोललेलो नाही. हे साप्ताहिक त्यांच्या घरी जाते, आणि हा मजकूर वाचताच त्या स्वतःस ओळखतील. त्यांनी आमच्यावर राग धरू नये. त्यांच्या घरी दोष एका दुपारी दिसला. आमच्या घरी तो सहा वर्षे डोळ्यांसमोर होता. त्यांचे पेले खरोखर सुंदर आहेत. सहा आहेत. त्या दुपारी घरात आम्ही, त्या, त्यांचे यजमान आणि धाकटी मुलगी असे चौघे होतो. मागील दारी दोघे होते. हिशेब बरोबर जुळत होता.

आता नाताळ जवळ येत आहे. घरोघरी कपाटे उघडतील, ठेवणीतील पेले व बशा बाहेर निघतील, करंज्या-दोदोलची ताटे भरतील. भांडी पुसताना प्रत्येक घराने आपल्या खिडकीत, कोनाड्यात, गोठ्याच्या भिंतीवर एकदा पाहावे. तेथे एखादा वेगळा कप पालथा घातलेला असेल, तर तो आत आणावा, स्वच्छ धुवावा आणि इतर पेल्यांबरोबर एकाच तबकात मांडावा. फुटला तर फुटू द्यावा. काच पुन्हा विकत मिळते.